बारमाही शाळा कोणाच्या सोयीची?

आजचा विषय साधा वाटेल. शाळेला सुट्टी कधी आणि किती असावी? पण त्याच्या इतिहासात शिरलो की कर, कर्जरोखे, न्यायालये, स्थलांतरितांची मुले असे बरेच काही निघते. म्हणून आपण तो घेतला आहे.

अमेरिकेत ज्याला 'इयर-राउंड स्कूल' म्हणतात, त्याला आपण बारमाही शाळा म्हणू. नाव ऐकून वाटते की मुलांना सुट्टीच नाही. तसे नसते. शाळेचे दिवस साधारण तेवढेच, म्हणजे 180च्या आसपास. उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी मोडून तिचे तुकडे वर्षभर पसरायचे, एवढेच. मात्र या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात, आणि आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे हा भेद आधी करून ठेवल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. एका प्रकारात सगळी शाळा एकदम शिकते आणि एकदम सुट्टीवर जाते. दुसऱ्यात मुलांचे तीन-चार गट पाडतात. त्यांना 'ट्रॅक' म्हणतात. एक गट कायम सुट्टीवर असतो, त्यामुळे त्याच इमारतीत जास्त मुले मावतात. आपल्याकडच्या दोन पाळ्यांच्या शाळेसारखेच हे, फक्त पाळी सकाळ-दुपारची नसून महिन्यांची. आता गंमत अशी की गुण सांगायचे ते पहिल्या प्रकाराचे आणि गळ्यात मारायचा तो दुसरा, असे या इतिहासात वारंवार झाले आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अमेरिकेतली उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामासाठी सुरू झाली, असे सर्रास सांगितले जाते. पण शेतीची खरी घाई पेरणीला आणि कापणीला, म्हणजे वसंतात आणि शरदात. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यांमधल्या शाळा तेव्हा बंद राहत, आणि हिवाळ्यात व भर उन्हाळ्यात भरत! शहरांमध्ये तर 1840च्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइट इथल्या शाळा वर्षाला अडीचशे दिवसांच्या आसपास चालत. हजेरीची सक्ती नव्हती, ती पहिल्यांदा मॅसॅच्युसेट्सने 1852 साली आणली. मग उन्हाळ्याची सुट्टी आली कुठून? शहरातल्या कोंदट वर्गांतला उकाडा, रोगराईची भीती, आणि उन्हाळ्यात गावाबाहेर जाऊ शकणारी सुखवस्तू कुटुंबे. त्यात डॉक्टरांची भर. अमरिया ब्रिगहॅम या डॉक्टरने 1832च्या पुस्तकात लहान मुलांच्या मेंदूवर अभ्यासाचा अति ताण नको, असा इशारा दिला होता, आणि पुढच्या शिक्षणसुधारकांनी तो मनावर घेतला. थोडक्यात, लांब सुट्टी ही शहराची निर्मिती आहे.

(जाता जाता सांगतो. 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक 'स्कोले'वरून आला त्याचा अर्थ फुरसत. आणि आपल्या परंपरेत 'अनध्याय' होता: प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या, किंवा ढग गडगडले तरी पाठ बंद. न शिकण्याचा काळ शिकण्यातच धरलेला असे. असो.)

सुट्टी रुळते न रुळते तोच ती मोडण्याचे प्रयोग सुरू झाले. इंडियाना राज्यातल्या ब्लफ्टन गावी 1904 साली विल्यम वर्ट यांनी बारमाही शाळा चालवली. न्यू जर्सीतल्या नेवार्कने 1912 साली हाच मार्ग धरला. तिथला हेतू आम्हाला मोलाचा वाटतो. गिरणी-कारखान्यांत काम करणाऱ्या स्थलांतरितांची मुले लवकर शाळा सोडत. वर्षभर शिकवले तर आठ वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत आटपेल, इंग्रजीही पक्की होईल, असा हिशेब होता. इथे दिवस खरोखर वाढवले होते. महामंदीच्या सुरुवातीला, 1931 साली, हा प्रयोग संपला. त्याउलट पेनसिल्व्हेनियातल्या अलिक्विपा या पोलाद-कारखान्याच्या गावी 1928 साली गट पाडून शाळा चालवली, ती जागा पुरत नव्हती म्हणून. दोन्ही वाटा अशा पहिल्या पंचवीस वर्षांतच दिसतात.

पुढे 1969 साली मिझुरीतल्या फ्रान्सिस हॉवेल शाळा-जिल्ह्यात आणि 1970 साली शिकागोजवळच्या व्हॅली व्ह्यूमध्ये '45-15' पद्धत आली: 45 दिवस शाळा, 15 दिवस सुट्टी, चार गट, त्यातले तीन शाळेत. 750 मुलांच्या इमारतीत 1000 मुले. व्हॅली व्ह्यूची कर्जरोखे काढण्याची कायदेशीर मर्यादा संपली होती, नव्या इमारतीला पैसा नव्हता. तिथे हे निभावले, कारण मुलांचे दिवस तेवढेच राहिले.

लॉस एंजेलिसमध्ये मात्र गाडी घसरली, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

कॅलिफोर्नियात 1978 साली प्रॉपोझिशन 13 मंजूर झाले. मालमत्ताकर मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधला गेला, आणि शाळांच्या बांधकामासाठी या करातून फेडायचे नवे कर्जरोखे काढणे काही वर्षे बंदच झाले. 1986 साली परवानगी परत मिळाली, पण दोन-तृतीयांश मतांची अट होती. नेमक्या याच काळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे शहराच्या मध्य, पूर्व आणि आग्नेय भागांत दाटीने राहू लागली. मुले वाढत गेली, शाळा वाढेनात. उपाय म्हणून आली 'कन्सेप्ट सिक्स' ही पद्धत. तीन गट, एका वेळी दोन शाळेत. 2000 मुलांच्या इमारतीत 3000. पण गणित बसवताना वर्षाचे दिवस 180वरून 163 झाले. भरपाई म्हणून रोजची शाळा लांबवली. मिनिटांची बेरीज जुळली, हजेरीपुस्तक खूश! पण सहा-सात वर्षांच्या मुलाला दुपारी उशिरा जादा बसवून जे शिकवता येते, ते एका नव्या सकाळी शिकवण्याइतके असते का? शाळेत शिकवलेल्या कुणालाही विचारा. वर्षाला 17 दिवस, बारा वर्षांत 204. म्हणजे बारावीपर्यंत असाच शिकलेला विद्यार्थी एका पूर्ण शालेय वर्षाहून अधिक दिवसांना मुकतो.

बाकीची हानी बारीकसारीक होती, पण रोजची. वरच्या दर्जाचे काही विषय एखाद्याच ट्रॅकवर असत, दुसऱ्या ट्रॅकवरच्या मुलाला ते घेता येत नसत. कुणाची दोन महिन्यांची सुट्टी नेमकी मोठ्या परीक्षेच्या तोंडावर येई. एका घरातली भावंडे वेगवेगळ्या शाळांत, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी सुट्टीवर. शिक्षकाला स्वतःचा वर्ग नाही, सामान खोक्यांत भरून ढकलगाडीवर या खोलीतून त्या खोलीत. इमारत कधी रिकामीच नाही, तर रंगरंगोटी, दुरुस्ती करणार कधी?

17 मे 2000 रोजी, म्हणजे वांशिक विलगीकरणाविरुद्धच्या ब्राऊन खटल्याच्या निकालाला 46 वर्षे झाली त्या दिवशी, 'विल्यम्स विरुद्ध कॅलिफोर्निया' हा दावा दाखल झाला. पुस्तके नाहीत, पात्र शिक्षक नाहीत, स्वच्छतागृहे बंद, अशा तक्रारींबरोबर त्यात कन्सेप्ट सिक्सही होते. मुद्दा सरळ होता. हे कॅलेंडर इतके चांगले असेल, तर ते सधन वस्त्यांतल्या शाळांत का दिसत नाही? 2004 साली तडजोड झाली, आणि 2012पर्यंत ही पद्धत बंद करायचे ठरले. तोवर 1997च्या 2.4 अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांपासून बांधकामाला पैसा मिळू लागला होता. लॉस एंजेलिसने शंभराहून अधिक नव्या शाळा उभ्या केल्या. शहराच्या आग्नेयेकडचे बेल हायस्कूल तीसएक वर्षांनी, 2012 साली, जुन्या वेळापत्रकावर परतले.

मग फायदा काहीच नाही का? आहे, पण पहिल्या प्रकाराचा, आणि बेताचा. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी 1996 साली जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लांब सुट्टीत मुले सरासरी महिनाभराचे शिकलेले विसरतात असे दिसले. वाचनात गरीब घरची मुले अधिक मागे पडतात. सुट्टीचे तुकडे केले तर ही गळती थोडी कमी होते, फार नाही. कारण तुकडे जोडले की बेरीज तीच. पंधरा दिवसांच्या मधल्या सुट्टीत जादा वर्ग घेतले तर खरा उपयोग, आणि त्याला पैसा लागतो. गटवार पद्धतीबद्दल तर जेनिफर ग्रेव्हज यांनी 2010 साली कॅलिफोर्नियाचीच आकडेवारी तपासून निकाल खालावल्याचे दाखवले.

सधन पालकांचे काय होते, तेही पाहू. उत्तर कॅरोलिनातल्या वेक काउंटीने 2007 साली बऱ्याच शाळा सक्तीने बारमाही केल्या. पालक लगेच न्यायालयात. खालच्या न्यायालयाने पालकांची संमती हवी म्हटले, 2009 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती लागत नाही असा निर्णय दिला. पालक हरले, पण दोन वर्षे सगळ्या गावाने त्यांचे ऐकून घेतले. लॉस एंजेलिसच्या स्थलांतरित आईबापांना एवढी सुनावणी मिळायला दोन दशके लागली.

आपल्याकडे याचे काय, असे काही श्रोत्यांनी लिहून विचारले आहे. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाडी, ट्रॅक्टर जोडून कारखान्याकडे निघतो, आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततो. मुले बरोबर गेली असतील तर त्यांचे दुसरे सत्र बुडालेले असते. ती गावी पोचतात, थोड्याच दिवसांत शाळेला मे महिन्याचे कुलूप लागते. या मुलांसाठी दोन महिने शाळा उघडी ठेवायची, तर शिक्षक कुठला, भत्ता कोण देणार, उन्हात पत्र्याच्या खोलीत बसवायचे कसे, हे प्रश्न आहेतच. पण नेवार्कने 1912 साली जो हिशेब मांडला होता, तो इथे लागू पडतो असे आम्हाला वाटते. बाकी तुमचे प्रश्न आता घेऊ.