कामावर पैसे दिले तर शाळा-दवाखाना सुधारतो का? उदयपूरच्या गावांत काय झालं

आशाताईंना महिन्याची काही ठरलेली रक्कम मिळते, पण बरेचसे पैसे कामाच्या मोजणीवर मिळतात, हे आपल्याला माहीत आहे. यालाच कामावर आधारित मोबदला म्हणतात. सरकारी योजना असो की देणगीवर चालणारी संस्था, आरोग्य-शिक्षणात ही पद्धत सगळीकडे शिरली आहे. तिचे गाजलेले प्रयोग राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात झाले. तिथल्या सेवा मंदिर संस्थेसोबत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी काम केलं. पुढे २०१९ ला दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पहिला प्रयोग २००३ चा. डोंगरवस्तीवरच्या एकशिक्षकी शाळा, गुरुजी सारखे गैरहजर. निम्म्या शाळांत कॅमेरा दिला. शाळा भरताना एक आणि सुटताना एक फोटो एखाद्या मुलानं काढायचा. दोन फोटोंमध्ये किमान पाच तास पाहिजेत आणि फोटोत किमान आठ मुलं, तरच दिवस धरला जाई. फोटोवर तारीख-वेळ उमटायची, ती बदलता येत नव्हती. पगार हजार रुपये होता, तो हजेरीप्रमाणे ५०० ते १३०० झाला. जिथं कॅमेरा नव्हता तिथं गैरहजेरी ४२ टक्क्यांच्या आसपास, कॅमेऱ्याच्या शाळांत निम्मी. मुलांचे गुणही वाढले.

मग हाच हिशोब उपकेंद्रातल्या नर्सबाईंना लावला. हजेरीला तारीख-वेळेचा शिक्का, गैरहजर राहिलं की पगार कापायचा. पहिले काही महिने झकास चाललं. पण पगार कापायचं काम सरकारी आरोग्य यंत्रणेकडे होतं आणि तिनं ‘आज मीटिंग, उद्या सर्व्हे’ म्हणून सुटीचे दिवस मंजूर करायला सुरुवात केली. साधारण सोळा महिन्यांत फरक उरला नाही. मशीन तेच, वरचा माणूस ढिला.

तिसरा प्रयोग आई-बापांसाठी. दर महिन्याला गावात लसीकरण शिबिर, प्रत्येक लसीला एक किलो डाळ, सगळ्या लसी पूर्ण झाल्या की ताटांचा संच. काहीच नव्हतं त्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, नुसत्या शिबिराच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. गंमत म्हणजे डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च कमी आला, कारण नर्सबाई तशीही दिवसभर बसून असायची.

आता दुसरी बाजू. कापूस वेचणीची मजुरी किलोवर दिली की कापसाबरोबर पालाकचराही येतो, हे शेतकऱ्याला नव्यानं सांगायला नको. जे मोजलं जातं तेवढंच होतं. रात्री दोन वाजता तापाच्या पेशंटसोबत ताई गेली, तर त्या जागरणाची नोंद कुठल्या रकान्यात करायची? माझ्या मते आशांचं खरं दुखणं इथं आहे.

नवजात बाळाच्या गृहभेटींचं काम मात्र नीट आखलेलं आहे. त्याची मुळं गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामात आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये. घरात बाळ असेल तर हे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. ताईनं वजन केलं, ताप पाहिला, मगच कार्डावर सही करा.