ईश्वर, दुःख आणि जबाबदारी
ईश्वर सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू, तर जगात दुःख कुठून आले? हा प्रश्न काही आजचा नाही. सुखदुःख ईश्वरनिर्मित मानणाऱ्यांना भगवान बुद्धांनी विचारले, मग खुनी, चोर हेही ईश्वरामुळेच झाले म्हणायचे का? तसे असेल तर प्रयत्नाला अर्थच काय? ही चर्चा अंगुत्तर निकायात आहे. भूरिदत्त जातकात तर सरळ सवाल आहे, ब्रह्मा जगाचा धनी, मग तो दुःख दूर का करीत नाही? ८व्या शतकात नालंदाचे आचार्य शांतरक्षित यांनी ‘तत्त्वसंग्रहा’त ईश्वरवादाचे खंडन केले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही हाच प्रश्न घेतला. अन्यायाला देवाची मर्जी म्हटले की अन्याय करणारा सुटतो. बुद्धांनी त्याला सुटू दिले नाही.