अंधेरीतला ठसा

१९४६च्या सुमारास बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत आले नि पुढं वर्षानुवर्षं अंधेरीतच राहिले. १९४३च्या दुष्काळात मेदिनीपूर पायी हिंडून त्यांनी भुकेली माणसं चितारली होती. ‘हंग्री बेंगॉल’ हे त्यांचं पुस्तक. इंग्रज सरकारनं त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. मुंबईत त्यांनी पुष्कळ लिनोलियम कोरलं. मला वाटतं, त्यामागं हिशेब सरळ होता. हातानं काढलेलं चित्र एकच, ठशाची चित्रं शेकडो. किती जाळणार?

आम्हाला शाळेत ठसा म्हणजे भेंडी कापून रंगात बुडवायची, एवढंच ठाऊक. लिनो मी नंतर शिकलो. भातवाल्याला ते लगेच समजतं: बांधाला शाई लागते, खाचर कोरं राहतं. लिनो उन्हात ठेवला की मऊ पडतो. पातं आपल्यापासून पुढं चालवायचं, दुसरा हात कायम पात्याच्या मागं. अक्षर असलं तर उलटं कोरायचं. रुळानं शाई पातळ लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. यंत्र लागत नाही. पण फुटलेला बांध पुन्हा घालता येतो, कोरून गेलेली रेघ नाही.

राबणाऱ्या पोरांची त्यांची लिनोचित्रं १९५२ची. १९६९ साली डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनं त्यांचं पुस्तक काढलं.