लिथियम-आयन बॅटरी : इलेक्ट्रोडनिर्मितीची कोरडी पद्धत

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. त्यानंतर तिच्यातील रसायनांत पुष्कळ सुधारणा झाल्या; परंतु तिचे इलेक्ट्रोड, म्हणजे विद्युतअग्रे, घडविण्याची मूळ पद्धत फारशी बदललेली नाही.

ही प्रचलित पद्धत ‘ओली’ आहे. धन इलेक्ट्रोडसाठी, म्हणजे कॅथोडसाठी, लिथियमयुक्त संयुगाची भुकटी, वीजवाहक कार्बन आणि कणांना धरून ठेवणारा पीव्हीडीएफ हा बंधक एनएमपी नावाच्या द्रावकात कालवतात. हा लगदा ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खावर लेपून भट्टीत वाळवतात आणि रुळांखाली दाबतात. ऋण इलेक्ट्रोडसाठी, म्हणजे ॲनोडसाठी, ग्रॅफाइटचा लगदा बहुधा पाण्यात करून तांब्याच्या वर्खावर लेपला जातो.

खरी अडचण वाळवण्यात आहे. एनएमपी सुमारे २०२ अंश सेल्सिअसला उकळते. ते उडवून लावण्यासाठी कित्येक मीटर लांबीच्या भट्ट्या आणि त्याची वाफ पुन्हा गोळा करणारी यंत्रणा लागते. हे द्रव्य गर्भाला अपायकारक असल्याने युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम करून कामगारांच्या संपर्कावर मर्यादा घातली. तयार बॅटरीत ज्याचे काहीच काम नाही, अशा द्रवासाठी एवढी ऊर्जा आणि जागा खर्च होते. शिवाय लेप घाईने वाळवल्यास बंधक पृष्ठभागाकडे सरकतो आणि लेपाची वर्खावरील पकड सैल होते. त्यामुळे जाड लेप देणे कठीण जाते.

कोरड्या पद्धतीत द्रावकच वगळला जातो. भुकटीत पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीचे बहुवारिक, मिसळून ती जोराने घुसळली की त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात व कणांना जाळ्याप्रमाणे बांधतात. ही भुकटी तापलेल्या रुळांतून काढून तिचा सलग पापुद्रा करतात आणि तो वर्खावर चिकटवतात. अमेरिकेतील मॅक्सवेल टेक्नॉलॉजीज या कंपनीने अतिधारित्रांसाठी (अल्ट्राकपॅसिटर) ही पद्धत वापरली होती. टेस्लाने २०१९ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या ४६८० विद्युतघटासाठी ही पद्धत वापरण्याची घोषणा केली.

घोषणा आणि उत्पादन यांत मात्र मोठे अंतर पडले. विशेषतः कॅथोडने दीर्घकाळ दाद दिली नाही. त्याचे कण कठीण असल्याने रुळांवर ताण येतो आणि मोठ्या लांबीवर पापुद्र्याची जाडी एकसारखी ठेवणे अवघड जाते. ॲनोडची अडचण वेगळी आहे. तेथे पीटीएफई लिथियमशी अभिक्रिया करते आणि पहिल्याच प्रभारणात काही लिथियम कायमचे वाया जाते. म्हणून दुसऱ्या बंधकांचा शोध चालू आहे.

भारतातही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रगत रासायनिक विद्युतघटांच्या ५० गिगावॅट-तास उत्पादनक्षमतेसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. एकदा उभारलेली भट्टी अनेक वर्षे चालवावी लागते. त्यामुळे ओली की कोरडी, हा निर्णय कारखान्याचा आराखडा आखतानाच घ्यावा लागतो.