शिपायाची फी कोणी भरावयाची?

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरून जेमतेम सोळा दिवस झाले होते. युद्धाचा शेवट दृष्टिपथातही आला नव्हता. अशा वेळी, २२ जून १९४४ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. कायद्याचे नाव लांबलचक व कचेरीच्या थाटाचे होते. पण साध्या शिपायाला तिकडे ‘जी. आय.’ म्हणत, म्हणून लोकांनी त्याचे ‘जी. आय. बिल’ असे सुटसुटीत नामकरण केले. युद्धावरून परतलेल्या शिपायाला सरकारने महाविद्यालयाची फी द्यावी, ही कल्पना एवढ्या विस्ताराने या कायद्याने प्रथमच अमलात आणली.

या औदार्याच्या मुळाशी विद्येची आवड होती, असे मात्र समजण्याचे कारण नाही. मुळाशी होती ती भीती. पहिल्या महायुद्धात लढलेल्या शिपायांना १९२४ साली सरकारने बक्षिसाची प्रमाणपत्रे दिली होती. परंतु त्यांचे पैसे मिळावयाचे होते १९४५ साली. मध्यंतरी महामंदी आली, पोटाची आबाळ झाली, आणि १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन ठाकले. नदीकाठच्या दलदलीत त्यांनी झोपड्या उभारल्या. आमचे देणे आम्हांला आजच द्या, एवढीच त्यांची मागणी होती. २८ जुलै रोजी जनरल डग्लस मॅकआर्थर घोडदळ, रणगाडे व अश्रुधूर घेऊन त्यांच्यावर चालून गेले. झोपड्यांना आगी लागल्या. राष्ट्राच्या राजधानीत राष्ट्राच्याच शिपायांची ही गत झालेली साऱ्या देशाने पाहिली. दुसऱ्या महायुद्धात तर सुमारे १ कोटी ६० लक्ष लोक वर्दीत होते. ते सारे एकदम घरी आले आणि त्यांना काम मिळाले नाही, तर काय होईल, या प्रश्नाने राज्यकर्त्यांची झोप उडाली होती.

विधेयकाचा कच्चा मसुदा ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे हॅरी कॉलमेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, त्याच हॉटेलच्या कागदांवर हाताने लिहून काढला. संसदेत ते जवळजवळ बुडालेच होते. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत प्रतिनिधिगृहाच्या सभासदांची मते समसमान पडली. तेव्हा जॉर्जियात आजारी असलेले प्रतिनिधी जॉन गिब्सन यांना रात्री शोधून काढून, मोटार व विमानाने वॉशिंग्टनला आणण्यात आले, आणि १० जूनच्या सकाळी त्यांच्या एका मताने विधेयक तरले. गंमत अशी की, एवढा झगडा चालला होता तो महाविद्यालयांवरून नव्हे, तर मुख्यतः बेकारभत्त्यावरून. आठवड्याला वीस डॉलर, असे बावन्न आठवडे फुकट मिळाले तर शिपाई आळशी बनतील, ही विरोधकांची धास्ती. प्रत्यक्षात या भत्त्यासाठी राखलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही खर्ची पडला नाही. ज्या कलमाकडे फारसे कोणी पाहिले नव्हते, त्या शिक्षणाच्या कलमाने मात्र इतिहास घडविला.

ते कलम सरळ होते. ज्याने नव्वद दिवस सेवा केली व ज्याला बडतर्फीचा डाग लागला नाही, त्याला फी, पुस्तके व इतर साहित्य यांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत मदत. शिवाय एकट्याला महिना ५०, कुटुंबवत्सलाला ७५ डॉलर निर्वाहभत्ता. त्या काळी हार्वर्डचीही वर्षाची फी ४०० डॉलर होती, हे लक्षात घेतले म्हणजे ५०० या आकड्याचे वजन कळते. शेतमजुराच्या मुलाला हार्वर्डचे दार पैशांअभावी बंद राहावे, असे आता कायद्याने उरले नाही.

विद्यापीठांतील थोरामोठ्यांना हे रुचले नाही. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी १९४४ च्या अखेरीस लेख लिहून इशारा दिला की, अशाने विद्यालये म्हणजे भटक्यांचे अड्डे बनतील. हार्वर्डचे जेम्स कॉनंटही साशंक होते. पुढे १९४७ साली महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते, आणि असे विद्यार्थी हार्वर्डने पूर्वी पाहिले नव्हते, अशी कबुली त्याच कॉनंट यांना द्यावी लागली. राहावयास जागा नाही म्हणून लष्कराच्याच पत्र्याच्या बराकी उचलून महाविद्यालयांच्या आवारात मांडण्यात आल्या. एका कोपऱ्यात पाळणा हलतो आहे, आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाप परीक्षेची तयारी करतो आहे, असे संसार तेथे थाटले गेले. १९५६ साली योजना संपली तोवर ७८ लक्ष माजी सैनिकांनी शिक्षणाचा लाभ घेतला होता. त्यांतील सुमारे २२ लक्ष महाविद्यालयांत गेले होते. बाकीचे शाळांत, कारखान्यांत, शेतीच्या शिक्षणवर्गांत गेले. त्यांची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो.

श्रोते हो, इथवरची कथा अमेरिकन लोक अभिमानाने सांगतात. पुढची सांगताना आवाज थोडा खाली येतो. प्रतिनिधिगृहाच्या समितीचे अध्यक्ष होते मिसिसिपीचे जॉन रँकिन, वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते. कायद्यात वर्णाचा उल्लेख एका अक्षरानेही नव्हता. पण अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती राहिली, आणि दक्षिणेत हे अधिकारी गोरे होते. फीचा पैसा हाती असूनही गोऱ्यांच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय शिपायाला प्रवेश नव्हता, आणि त्यांच्यासाठी असलेली महाविद्यालये थोडी, लहान व दरिद्री. जागेअभावी हजारो अर्जदार परत गेले. रँकिन यांच्याच मिसिसिपीतला मेडगर एव्हर्स हा तरुण युरोपच्या रणभूमीवरून परतला. १९४६ साली तो मत द्यावयास गेला, तेव्हा शस्त्रधारी गोऱ्यांनी त्याला हुसकावून लावले. जी. आय. बिलाच्या आधारे तो ऑलकॉर्न येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात शिकला. १९५४ साली त्याने मिसिसिपी विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. नागरी हक्कांच्या चळवळीत तो पुढे आला, आणि १२ जून १९६३ रोजी त्याच्या घराच्या दारात त्याला गोळी घालण्यात आली. त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा मिळाली. विद्यापीठात मिळाली नव्हती.

सरकारी पैसा वाहू लागताच त्यावर टपलेले लोकही निघाले. केवळ फी उकळण्यासाठी उघडलेल्या धंदेशिक्षणाच्या शाळांचा बोभाटा झाला, म्हणून १९५२ साली कोरियातून परतलेल्यांसाठी नवा कायदा करताना फी संस्थेला न देता महिना ११० डॉलर शिपायाच्याच हाती देण्यात आले. त्यानंतर दृष्टी कुटुंबाकडे वळली. १९५६ साली युद्धात बाप गमावलेल्या मुलांना शिक्षणाची मदत सुरू झाली. १९६८ साली विधवांनाही ती लागू झाली. २००८ च्या कायद्याने तर शिपायाला काही अटींवर आपला हक्क पत्नीच्या वा मुलांच्या नावे करून देण्याची मुभा मिळाली. बापाने कमावलेली विद्या लेकीने घ्यावी, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

आपल्याकडेही असे वचन दिले गेले आहे. १९७१ च्या युद्धानंतर, त्याच डिसेंबरात, युद्धात पडलेल्या, बेपत्ता झालेल्या व कायमचे अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांची फी, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके व गणवेश सरकार देईल, असे लोकसभेत जाहीर झाले. पुढे इतर मोहिमांतील सैनिकांच्या मुलांनाही ही सवलत मिळू लागली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. त्या परिसरातील व सातारा-कोल्हापूरकडील घरांना या वचनाचा अर्थ निराळा उलगडून सांगावयास नको. १ जुलै २०१७ पासून सरकारने फी व वसतिगृह मिळून महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली. ज्या मुलांचे अभ्यासक्रम महागडे होते, त्यांच्या घरी हिशेबाच्या वह्या पुन्हा उघडाव्या लागल्या. नौदलप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले, माजी सैनिकांनी आवाज उठविला, आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा काढून टाकण्यात आली.