न कळलेलं ओलांडावं का?

जावा भाषेतला प्रोग्रॅम आधी बाइटकोडच्या फाइलमध्ये उतरतो. तिच्यात प्रत्येक जोडमाहितीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते. अनोळखी माहिती आली, तर तेवढे बाइट ओलांडून पुढे जाता येतं.

मार्च २०१४ मध्ये जावा ८ आलं. मूल्याच्या प्रकाराचा उल्लेख असेल तिथे टीप जोडता येऊ लागली. उदाहरणार्थ, 'ही जागा रिकामी नसेल'. फाइलचा आवृत्ती-क्रमांक ५१ वरून ५२ झाला. बाइटकोड वाचून बदलणाऱ्या एएसएम या साधनाची चौथी आवृत्ती तो क्रमांक पाहूनच थांबे. हा हटवादीपणा का? आम्हाला तसं वाटत नाही. काही टिपांमध्ये 'कितव्या बाइटवरची सूचना' हा पत्ता असतो. मधे नव्या सूचना घातल्या, की तो चुकतो. त्याच वर्षीची पाचवी आवृत्ती या टिपा समजून घेऊ लागली. नुसतं वाचणाऱ्याला न कळलेलं ओलांडता येतं, बदलणाऱ्याला नाही.