देवीच्या वणांपासून लेसरपर्यंत

कोल्हापूर परिसरात चेहऱ्यावरील वणांचे एक मोठे कारण शतकानुशतके देवीचा रोग हे होते. या रोगाचा विषाणू त्वचेतील तैलग्रंथी नष्ट करी. फोडांच्या खपल्या पडल्या की तेथे खड्डे उरत आणि ते जन्मभर टिकत. तैलग्रंथी चेहऱ्यावर दाट असल्याने सर्वाधिक वण तेथेच पडत. रोगाच्या तीव्र प्रकारात दहांपैकी सुमारे तीन रुग्ण दगावत. राजघराणेही यातून सुटले नाही. महाराणी ताराबाईंचे पुत्र दुसरे शिवाजी 1714 मध्ये पन्हाळ्यावर कैदेत पडले आणि 1726 च्या सुमारास देवीनेच त्यांचा अंत झाला.

रोग म्हणजे देवीचा कोप, अशी समजूत होती. घरात ‘देवी आल्या’ की दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधत, रुग्णाला त्याच्या पाल्यावर निजवत आणि शीतळादेवीला नवस बोलत. उरलेल्या वणांवर हळद, चंदन यांचे लेप लावले जात, पण खड्डे भरून काढणारा उपाय कोणाकडेच नव्हता.

खरा बदल लसीने घडवला. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. सुरुवातीला एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याला टोचत. पुढे वासरांवर तयार केलेली लस वापरात आली. 1904 मध्ये कोल्हापूरजवळच्या बेळगावात लसनिर्मितीची संस्था सुरू झाली. ‘देवी काढणे’ हा गावोगावचा परिपाठ बनला. दंडावरचा लहानसा वण स्वीकारून चेहरा आणि जीव वाचवण्याचा हा सौदा होता. एप्रिल 1977 मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले आणि 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त घोषित केले.

रोग गेला तरी जुने वण राहिले. शिवाय मुरुमांचे, अपघातांचे, गुऱ्हाळावर उकळत्या रसाने भाजल्याचे वण होतेच. त्वचेचा पृष्ठभाग खरवडून काढण्याचे यंत्र जर्मन त्वचातज्ज्ञ क्रोमायर यांनी 1905 मध्ये वापरात आणले. फिनॉलसारख्या रसायनाने वरचा थर काढण्याची पद्धतही विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली. दोन्हींत थर किती खोल निघेल हे बव्हंशी हाताच्या अंदाजावर अवलंबून असे.

ही उणीव भरून काढणाऱ्या साधनाचे जनक महाराष्ट्रातले होते. 1938 मध्ये बारामतीत जन्मलेले सी. कुमार एन. पटेल यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 मध्ये पदवी घेतली आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1964 मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. त्याचे 10.6 मायक्रॉन तरंगलांबीचे किरण पाणी चटकन शोषून घेते. त्वचेत पाणी भरपूर असल्याने पातळ थराची क्षणात वाफ होते, खालच्या थराला उष्णता मिळते आणि भरून येताना नवे कोलॅजेन तयार होते.

1990 च्या दशकात या लेसरने संपूर्ण पृष्ठभाग सोलला जाई. जखम भरायला वेळ लागे आणि सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका मोठा असे. 2004 मध्ये मॅनस्टीन, अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. तीत किरण सूक्ष्म ठिपक्यांच्या रूपात पडतात, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्या आधारे जखम लवकर भरते. आज हा उपचार कोल्हापुरातील त्वचारोगतज्ज्ञांकडेही मिळतो. काही आठवड्यांच्या अंतराने त्याच्या अनेक बैठका घ्याव्या लागतात आणि उन्हापासून जपावे लागते. भारतीय त्वचेसाठी किरणांची मात्रा बेताची ठेवावी लागते; वण वाढून गाठाळण्याची प्रवृत्ती असेल, तर आधी तज्ज्ञाने तपासणे आवश्यक ठरते.

लेसरने वण उथळ होतात, पूर्ण पुसले जात नाहीत. म्हणूनच वणांच्या या इतिहासात सर्वांत मोठे श्रेय आजही लसीकडेच जाते.